चौथा आठवडा : समुद्र

पेटी पिठाच्या ट्रकातून आली,
कोळशाच्या पोत्यांखाली दबून, झाकण तडकलेलं.
वर राजधानीतल्या कुणाचं तरी नेटकं अक्षर :
चौथा आठवडा. विषय समुद्र.
वयोगट तीन ते सहा.

मी कागद दोनदा वाचला.
सुसामीरच्या या कुरणावरून
हव्या त्या दिशेला घोडा सोडा,
घोडा म्हातारा होईल
पण समुद्र लागायचा नाही.

साहित्य म्हणे : निळा कागद, शिंपले, वाळू,
परातभर खारं पाणी.
निळा कागद दुसऱ्याच आठवड्यात संपला होता, आभाळापायी.
शिंपल्यांच्या जागी मेंढीच्या घोट्याची हाडं घेतली,
पोरं एरवी ज्यांच्यावरून भांडतात ती.
वाळूला मात्र वाळूच,
नदी देते, हिशेब मागत नाही.

खारटपणा शिकवायला
जनावरांच्या मिठाच्या ढेपेपाशी नेलं सगळ्यांना.
अकरा जिभा, एकीमागून एक,
मेंढ्यांनी चाटून खळगा पाडला होता तिथंच.
बेगाइमनं तोंड वेडंवाकडं केलं :
"एवढं खारट? मग त्यात राहतं तरी कोण?"

म्हणून चित्रं काढली.
आठ हातांचं ते बघून सगळे खिदळले.
खेकडा आडवा चालतो म्हटल्यावर
उलुक तसा चालायला गेला
आणि चुलीवर पडता पडता राहिला.
मग देवमासा.
म्हटलं, हा खरं तर मासाच नव्हे,
पिल्लाला दूध पाजते ही.

तोइचुबेक उभा राहिला.
वय पाच. त्याची आई दिवसातून सहा वेळा घोड्यांची धार काढते
तेव्हा शिंगराचं दावं हाच धरून असतो.
"धार कोण काढतं तिची?"
मी गप्प.
"पिल्लू कुठं बांधतात? पाण्यात खुंटी ठोकतात कशी?"
कागदाच्या पाठीमागं उत्तरं छापली होती,
त्यात हे नव्हतं.

दुपारी बुबुश आपानं जुना बुरणूस दिला,
धुराचा आणि मेंढीचा वास येणारा,
समुद्राच्या रंगाशी काही देणंघेणं नसलेला.
कडा धरा, हलवा, ही झाली लाट.
ज्याची पाळी तो खाली.
सगळ्यांनाच देवमासा व्हायचं होतं,
खेकडा व्हायला कुणी तयार नाही.

सेइदे बोलत नाही.
एप्रिलपासून, म्हणजे तिची आई मॉस्कोला गेली तेव्हापासून,
मान हलवते, बस.
हजेरीत तिच्यापुढं 'हजर' लिहिताना
माझं पेन दर वेळी जरा अडखळतं.

लाटेखालून ती रांगत बाहेर आली,
केसांत लोकर, गाल लाल,
आणि कालही बोललीच होती अशा साध्या आवाजात
मला म्हणाली,
"मॉस्कोच्या वाटेत समुद्र आहे?"

"नाही."
"कुठंच?"
"कुठंच नाही. सगळी जमीन आहे."
"कोरडी?"
"कोरडी."

तिनं जरा विचार केला.
बुरणुसाची कड पुन्हा मुठीत घेतली.
"मग चालत येता येतं."

पोरं ओरडत होती, लाट थांबली म्हणून.
मी माझी कड हलवली.
खूप जोरात हलवली.

शनिवारी तक्ता भरायचा असतो.
उद्दिष्ट साध्य झाले का : होय, नाही, अंशतः.
मुलांनी विचारलेले प्रश्न : तीन ओळींत लिहा.
पहिल्या ओळीत देवमाशाची धार लिहिली.
दुसरीत खुंटी.
तिसरी कोरी आहे.

पुढचा विषय वाहनं.
पेटीच्या तळाशी आगगाडीचं चित्र आहे,
प्रत्येक खिडकीत एक हसरा चेहरा.
रविवारभर ते मी
कधी गठ्ठ्याच्या वर ठेवते आहे,
कधी खाली.